उरलेल्या दोन गोळ्या

परवा औषधांचा डबा आवरायला घेतला. डबा म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर गुलाबाची फुलं. त्यात काय निघावं? कुणाच्या तरी खोकल्याचं अर्धं औषध, यांच्या रक्तदाबाची बंद झालेली गोळी, आणि निरनिराळ्या अँटिबायोटिकचे सहा पत्ते. (आमच्याकडे स्ट्रिपला पत्ता म्हणतात. पुण्याच्या वन्सं यावर दरवेळी हसतात.) एकही पत्ता पूर्ण रिकामा नाही. कुठे दोन गोळ्या उरलेल्या, कुठे चार. मी त्या समोर मांडून बराच वेळ बसून राहिले. सूनबाईने विचारलं, "आई, काय बघताय?" मी म्हटलं, "स्वतःचे गुण."

नातेवाईकांना गेल्या श्रावणातली गोष्ट ठाऊक आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी आज लिहिते.

आमचा धाकटा नातू, बारावीचा. संध्याकाळी क्लासहून आला तो अंग मोडून आल्यासारखा. ताप. मी माझ्या डब्यातून अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या काढल्या. माझ्या घशासाठी डॉक्टरांनी पाच दिल्या होत्या, तिसऱ्या दिवशी घसा बरा झाला म्हणून दोन ठेवल्या होत्या. त्या त्याला दिल्या, एक त्या रात्री आणि एक दुसऱ्या रात्री. सूनबाईलाही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. सदरमध्ये राहून मला पन्नास वर्षं झाली, इथल्या कुठल्याही घरातली आजी हेच करते.

ताप एक दिवस दबला आणि पुन्हा चढला. चौथ्या दिवशी जवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. दोन तासांत विडालचा कागद हातात. लॅबमधला मुलगा म्हणाला, "काकू, टायफाइड निघाला न बाप्पा!" ओळखीच्या दुकानातून त्या कागदावर दुसरी गोळी आली. ताप उतरेना. सहाव्या दिवशी दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कल्चरसाठी रक्त घेतलं आणि विचारलं, "आधी काही दिलं होतं का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी बोलले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, आता बाटलीत बहुतेक काही उगवणार नाही. म्हणजे जंतू नाही असं नाही. तो दबलाय, मेला की नाही ते कळणार नाही." तसंच झालं. कल्चर कोरं आलं. मग अंदाजाने इंजेक्शन सुरू केलं. ताप पूर्ण जायला आणखी आठवडा गेला. पोरगा बरा झाला, देवाची कृपा. पण तो टायफॉइड होता की दुसरं काही, आणि टायफॉइडच असेल तर कोणत्या औषधाला दबणारा, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तो आठवडा माझ्या दोन गोळ्यांचा.

घरी आल्यावर मी अमेरिकेतल्या भाचीला फोन केला. ती जंतूंच्या जनुकांवरच काम करते. म्हटलं, मला मराठीत समजावून सांग. तीन रविवार तिने माझी शिकवणी घेतली. मी मराठी घेऊन बी.ए. केलेली बाई, आयुष्यभर मुलींचं शुद्धलेखन तपासलं. विज्ञानाशी संबंध आला तो फक्त शेजारच्या वर्गातून येणाऱ्या वासापुरता. पण तिने सांगितलेलं मला जे समजलं, ते शुद्धलेखनामुळेच समजलं.

टायफॉइडच्या जंतूचं नाव साल्मोनेला टायफी. त्याची सगळी जनुकीय पोथी २००१ साली वाचून झाली. व्हिएतनाममधल्या एका रुग्णातून मिळालेला जंतू होता. पोथी अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची आणि वर्णमाला फक्त चार अक्षरांची. अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचायची. आता गंमत बघा. मी फळ्यावर लिहिलं, "मगन मगर गवत बघत". वाक्य फारसं शहाणं नाही, पण वाचता येतं. यातल्या 'मगर'मधला एक 'ग' पुसा आणि पुन्हा तीन-तीनने वाचा. "मगन मरग वतब घत". एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं निरर्थक झालं. टायफॉइडच्या पोथीत अशी मोडलेली जनुकं दोनशेहून अधिक निघाली. पूर्वी कधीतरी कामाची होती, आता नुसती जागा अडवून बसलेली.

मला वाटलं, इतक्या चुका म्हणजे हा वर्गातला ढ विद्यार्थी. भाची म्हणाली, "मावशी, उलटं आहे." याचे चुलतभाऊ कोंबडीत राहतात, गुरांत राहतात, माणसात येऊन दोन दिवस जुलाब देतात आणि जातात. त्यांची पोथी बरीच धड आहे, कारण त्यांना दहा घरी राहायचं असतं. टायफॉइडच्या जंतूने बाकी सगळी घरं सोडली. कोंबडीत राहायला लागणारे, गाईत राहायला लागणारे शब्द त्याच्या पोथीतून मोडून पडले, आणि तो फक्त माणसाचा झाला. त्याला दुसरं घर नाही.

आणि त्याचं विष आपल्या पेशींना चिकटतं कसं? पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला पकडून. हे टोक चिंपांझीत वेगळं असतं आणि आपल्यात वेगळं, कारण आपल्या पूर्वजांचंही एक जनुक वीसेक लाख वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी मोडलं. टायफॉइडचं विष नेमकं आपलं टोक ओळखतं. हे संशोधन २०१४ सालचं. म्हणजे त्याच्याही पोथीतलं गळलेलं आणि आपल्याही. फोन ठेवल्यावर त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

त्याच्याकडे काही जास्तीचंही आहे. पोथीत मध्येच घुसवलेला एक मोठा अध्याय आहे, त्यात व्हीआय नावाच्या आवरणाची कृती आहे. हे आवरण अंगावर घेतलं की आपल्या रक्षक पेशींना तो चटकन ओळखू येत नाही. आतड्यातून आत शिरतो आणि त्याला मारायला आलेल्या पेशींच्याच पोटात लपून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेपर्यंत जातो. मग आठ-पंधरा दिवसांनी ताप. आमच्या आईच्या पिढीत याला मुदतीचा ताप म्हणायचे, एकवीस दिवसांची मुदत. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडायची भीती. आईची धाकटी बहीण १९४४ साली अशीच गेली, सोळा वर्षांची. आई तिच्याबद्दल फक्त एवढंच सांगायची की शेवटी ती संत्र मागत होती आणि वैद्यांनी मना केलं म्हणून कुणी दिलं नाही. नागपूरचं घर, आणि संत्र दिलं नाही.

मला टायफॉइड झाला १९५८ साली, नऊ वर्षांची असताना. तोवर क्लोरोमायसेटिन आलं होतं. १९४७ साली हे औषध सापडलं आणि पुढच्याच वर्षी टायफॉइडवर वापरलं गेलं. वडिलांनी सीताबर्डीवरून त्या कॅप्सूल आणल्या, त्यासाठी काय विकलं ते आईने कधी सांगितलं नाही. माझा ताप आठवड्याभरात उतरला. मावशी आणि मी यांच्यात फरक एवढाच, चौदा वर्षांचा आणि एका बाटलीचा.

पुढे मात्र जे झालं ते वाचून मला परीक्षेचा हॉल आठवला. पर्यवेक्षण केलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे की कॉपी एका बाकावर थांबत नाही. जंतूंतही चिठ्ठ्या फिरतात. मुख्य पोथीशिवाय जनुकांचे छोटे गोल तुकडे असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषधाला कसं हरवायचं याचं उत्तर त्यावर लिहिलेलं असतं, आणि एक जंतू ते शेजारच्याला देतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो! आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे निरुपद्रवी जंतू कोट्यवधी असतात. मी घशासाठी गोळी घेते तेव्हा तीही परीक्षेला बसतात. जी पास होतात ती चिठ्ठी खिशात ठेवून असतात.

१९७२ साली मेक्सिकोत मोठी साथ आली आणि त्याच वर्षी आपल्याकडे केरळात कालिकतला. दोन्हीकडे जंतू क्लोरोमायसेटिनला दाद देईनात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तीन जुनी औषधं एकदम निकामी करणारी एकच चिठ्ठी आपल्या देशात सर्वत्र पोचली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. त्याला तर चिठ्ठीही लागली नाही. पोथीतल्या एका जनुकातलं एक अक्षर बदललं आणि औषधाची पकड सुटली. 'दिन' आणि 'दीन' यांत वेलांटीचाच फरक असतो. मी मुलींचा अर्धा गुण कापायची, इथे एक अख्खं औषध गेलं. आज भारतातल्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर सिप्रो नीट चालत नाही. २०१६ च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत त्याच्या पुढची पायरी झाली. तिथल्या जंतूने सेफट्रायाक्सोन या इंजेक्शनलाही हरवणारी चिठ्ठी मिळवली, बहुधा ई. कोलायकडूनच. मुंबईतूनही या इंजेक्शनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू नोंदले गेले आहेत. सिंधमधल्या त्या जंतूवर तोंडाने घ्यायचं एकच औषध उरलं.

कोणतं? अझिथ्रोमायसिन. माझ्या डब्यातलं.

आणि त्यालाही हरवायला एक अक्षर पुरतं, हे २०१९ साली बांगलादेशात सापडलेल्या जंतूंनी दाखवून दिलं.

२०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७,६५८ टायफॉइड जंतूंच्या पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या, त्यातले बरेच आपल्या दक्षिण आशियातले. कोणती अशुद्धी कुठे आधी झाली आणि तिची नक्कल कोणत्या देशात गेली, हे त्यावरून कळतं. १९९० नंतर औषधांना न जुमानणारे वंश देशांच्या सीमा जवळजवळ दोनशे वेळा ओलांडून गेले, आणि बहुतेकदा निघाले ते आपल्या भागातून. दोन मुलींची एकच चूक सापडली की कुणी कुणाचं बघून लिहिलं ते मला कळायचं, तसंच हे. कोविडच्या काळात 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द मंगळवारी बाजारातल्या भाजीवाल्यापर्यंत पोचला होता. टायफॉइडच्या बाबतीत मात्र आपण त्याच बाजारात विडालच्या कागदावर थांबलो आहोत.

आता माझं म्हणणं. विडालची तपासणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने कधीतरी तयार केलेली द्रव्यं शोधते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, दुसराच ताप असेल, तरी कागदावर 'पॉझिटिव्ह' येऊ शकतं. आमच्यासारख्या गावात अर्ध्या लोकांचं रक्त काही ना काही बोलणारच. एका कागदावर टायफॉइड ठरवायचा आणि त्यावर अँटिबायोटिक सुरू करायचं, हे थांबायला हवं असं मला वाटतं. ताप तीन-चार दिवसांहून जास्त राहिला तर गोळीच्या आधी रक्ताचं कल्चर करा. त्यात जंतू उगवला तर कोणतं औषध चालेल तेही कळतं.

शेजारच्या ताई म्हणाल्या, "मावशी, कल्चर कशाला करून राहिल्या? तीन दिवस लागते, पैसेही जास्त." त्यांचं खोटं नाही. कल्चरमध्येही शंभरातल्या साठेक रुग्णांतच जंतू सापडतो. आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याने तीन दिवस तापात थांबायचं कसं? सरकारी दवाखान्यांत कल्चर सहज आणि फुकट व्हायला हवं, हे मी मान्य करते. पण रक्त बाटलीत घ्यायला पाच मिनिटं लागतात, थांबायचं असतं ते उत्तरासाठी. रक्त घेतल्यावर डॉक्टर औषध सुरू करू शकतात, आणि तीन दिवसांनी उत्तर आलं की बदलू शकतात. आमच्या घरी पाच मिनिटांचा प्रश्न नव्हता. माझ्या शहाणपणाचा होता.

लसीचंही सांगते. त्या व्हीआय आवरणापासूनच नवी लस केली आहे, म्हणजे जंतूचा बुरखाच शरीराला आधी दाखवून ठेवायचा. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती फुकट दिली. सरकारी कार्यक्रमात ही लस वापरण्याचा जगातला तो पहिला प्रयोग, आणि तो आपल्या महाराष्ट्रात झाला! नंतरच्या अभ्यासात लसीचं संरक्षण ऐंशी टक्क्यांच्या वर दिसलं. पाकिस्तानने २०१९ साली ती नियमित लसीकरणात घेतली. आपल्या राष्ट्रीय सल्लागार गटाने २०२२ साली शिफारस केली. गेल्या वर्षी आमच्या भाचसुनेने बाळाला ती खासगी दवाखान्यात पैसे मोजून दिली. तिला परवडलं. तिच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईचं बाळही त्याच वयाचं आहे, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

काही जण म्हणतील, लस कशाला, पाणी स्वच्छ करा. तेही खरंच. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू इथे २०१७ ते २०२० मुलांचा अभ्यास झाला. शहरांतल्या वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला पाचशेपासून हजाराच्या वर टायफॉइड, आणि ग्रामीण वढूला पस्तीसच्या आसपास. गाव गरीब असेल, पण दाटीवाटी नाही, गटार आणि नळ एकमेकांना खेटून नाहीत. आमच्या नागपुरात तर १९५८ पासून पाण्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिला नीरी हे नाव १९७४ साली मिळालं. पाण्यात मैला मिसळला का ते ई. कोलायवरून ओळखतात, हे शहरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. तरी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण काय करतो? तुरटी फिरवतो आणि उकळायचा कंटाळा करतो. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरतोच असं नाही.

आणि हा जंतू माणसाखेरीज कुणात राहत नाही हे एकदा कळल्यावर मला एक गोष्ट सारखी डाचते. माझ्या नातवाला टायफॉइड झाला असेल तर तो कुणातरी माणसाकडून आला. बरे झालेल्यांपैकी काहींच्या पित्ताशयात, विशेषतः तिथे खडे असतील तर, जंतू वर्षानुवर्षं राहतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. स्वतः ठणठणीत, पण ज्या घरी रांधायची तिथे टायफॉइड. तिला दोनदा मिळून पंचवीसहून अधिक वर्षं एका बेटावर ठेवलं आणि १९३८ साली ती तिथेच वारली. मला १९५८ साली होऊन गेलेला आहे, आणि आमच्या घरी पोळ्या अजून मीच करते. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, इतक्या वर्षांनी शक्यता फार कमी, पण मनाच्या समाधानासाठी तपासणी करून घ्या. करून घेतली. काही निघालं नाही. हात मात्र आता दोनदा धुते.

एक चांगली बातमी राहिली. वर्षानुवर्षं क्लोरोमायसेटिन टायफॉइडवर कुणी फारसं वापरलंच नाही. मग ती चिठ्ठी सांभाळण्याचा जंतूला काही उपयोग उरला नाही, उलट ओझंच झालं. अनेक जंतूंनी ती टाकून दिली. आपल्याकडचे बहुतेक टायफॉइड जंतू आज त्या जुन्या औषधाला पुन्हा दबतात. काहींनी मात्र ती चिठ्ठी मुख्य वहीत उतरवून घेतली आहे, त्यामुळे फार हुरळून जायला नको. त्या औषधाचा रक्तावर क्वचित वाईट परिणाम होतो म्हणून डॉक्टर सहसा देत नाहीत. पण वडिलांनी १९५८ साली आणलेली ती बाटली पुन्हा कामाला येऊ शकते, ही गोष्ट मी यांना तीनदा सांगितली.

तर डब्यातले सहा पत्ते. केरात टाकायला हात होईना, कारण केर शेवटी मातीत आणि पाण्यातच जातो. ते एका पाकिटात घालून दवाखान्यात नेऊन दिले. तिथल्या नर्सने जरा विचित्र नजरेने बघितलं, पण घेतले. डब्यात आता थर्मामीटर, क्रोसिन, मीठ-साखरेची पाकिटं आणि बँडेज एवढंच आहे. नातू म्हणतो, आजी, तुझं दुकान बंद पडलं.

भाची डिसेंबरात मुलांना घेऊन येते आहे. तिने फोनवर एवढं शिकवलं, पण मुलांच्या लसीचं विचारलं तर म्हणते, राहिलंय. बाई गं, निघायच्या निदान दोन आठवडे आधी द्या. पाणीपुरी घरी करीन, पाणी उकळून गार केलेलं, आणि चिंच मी स्वतः कोळीन.